हिवरदऱ्याचा ह

हिवरदऱ्यात ह कुणी म्हणत नाही. म्हणजे 'हाय' म्हणायला त्यांना ह पुरतो, 'हुतं' म्हणायला पुरतो, मेंढरं वळवताना तर हा-हा करून सगळा माळ दणाणून सोडतात. पण स्वतःच्या गावाचं नाव घ्यायची वेळ आली की तो ह कुठं जातो कोण जाणे. इवरदरा. म्हातारी माणसं तसंच म्हणतात, पोरं तसंच म्हणतात, आणि पूर्वी शाळा चालू होती तेव्हा तिच्या पाटीवरही गावच्याच रंगाऱ्यानं ठसठशीत 'इवरदरा' रंगवलं होतं. एवढ्याशा गोष्टीनं कुणाचं काय अडणार, असं कुणालाही वाटेल. दादासो येडगेचं सगळं आयुष्य अडलं.

सातारा जिल्हा संपतो आणि सांगली सुरू होते त्या उजाड टोकाला ही धनगरांची वाडी आहे. सत्तर उंबरे. त्यातल्या पंचेचाळिसांना कुलूप आहे, कारण तरणी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात तामिळनाडूपासून बंगालपर्यंत पांगली आहेत. दादासोचा इंद्रजितही सेलमला आहे. मागं राहिली ती म्हातारी, थोडी मेंढरं, टँकरची वाट बघणाऱ्या घागरी आणि एक माजी आमदार.

दादासो आता अडुसष्टचा आहे. त्याचा बाप मेंढक्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, मेंढरं पुढं घालायची आणि कोयनानगरवरून घाट उतरून कोकणात जायचं, ते पावसाच्या तोंडाला परत. लहानग्या दादासोला नदी उतरताना खांद्यावर घ्यायचा तो जोतिबा, भावकीतलाच, चार वर्षांनी मोठा. कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत एक गुरुजी होते. मेंढरं तिथं मुक्कामाला थांबली की ते या पोराला शाळेत मागं बसू द्यायचे आणि पुढच्या मुक्कामांसाठी कित्ता देऊन पाठवायचे. असं चालता चालता तो सातवी पास झाला. अक्षर मात्र असं वळणदार उमटायला लागलं की बघत राहावं.

ज्याचं अक्षर चांगलं त्याचं डोकंही चांगलं, अशी आपल्याकडं एक खुळी समजूत आहे. दादासो फौजेतल्या पोरांना त्यांच्या आयांची पत्रं लिहून द्यायचा, फॉरेस्टवाल्यांनी मेंढरं कोंडली की अर्ज लिहायचा. साहेब लोक अर्ज हातात घेऊन आधी अक्षराकडं बघायचे आणि मग मजकुराकडं. त्या अक्षरावर तो सरपंच झाला, पंचायत समितीवर गेला, जिल्हा परिषदेत बसला. कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही. त्याच्यात लाचारी नव्हती की घमेंड नव्हती; होता तो एकच गर्व, आपलं पत्र आपण लिहायचं.

आमदार तो कसा झाला, ही गोष्ट तालुक्यात लोक हसत हसत सांगतात, आणि दादासोही त्यात हसायचा. जागा साखर कारखान्याच्या घराण्याची. पण दोन हजार चौदाला थोरले अंथरुणाला खिळलेले आणि त्यांचा मुलगा राजवर्धन तेवीस वर्षांचा. आमदार व्हायला पंचवीस लागतात. दुसऱ्या कुठल्या मातब्बराला उभं करावं तर तो पुन्हा जागा सोडणार नाही. मग कुणाला तरी दादासोची आठवण झाली. गरीब माणूस, धनगरांची मतं, सांगितल्यावर उठेल. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल होता तो. दादासोला हे कळत नव्हतं असं नाही. त्यानं हिशेब केला की पाच वर्षं तर पाच वर्षं, तेवढ्यात एक काम करून घेऊ.

ते काम जोतिबानं सांगितलं. जोतिबा वाडीतल्या बिरोबाचा पुजारी. निकालाच्या दिवशी गुलालानं लाल झालेला दादासो देवळात आला, तेव्हा जोतिबानं त्याच्या कपाळाला मूठभर भंडारा फासला आणि म्हणाला, "दादासो, रस्तं नगं, सभामंडप नगं. इवरदऱ्याला पानी आन. दुसरं कायबी मागनार न्हाई."

"आनतो," दादासो म्हणाला. त्यानं आयुष्यात दिलेला हा सगळ्यात छोटा शब्द होता.

पाण्याची उपसा योजना खालच्या गावांपर्यंत आली होती. वरच्या माथ्यावरची वंचित गावं तिच्यात घ्यायची असं सरकारनं ठरवलं आणि आमदारांकडून गावांच्या नावांचं शिफारसपत्र मागवलं. दादासोला दोन वर्षं या पत्राची वाट होती. मुंबईच्या आमदार निवासात त्याचा स्वीय सहायक रविराज म्हणाला, "साहेब, नावं सांगा, टाइप करून आणतो."

"न्हाई," दादासो म्हणाला. "हे मी लिवनार."

त्यानं अंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले आणि अकरा गावांची नावं कित्त्यासारखी एकाखाली एक काढली. आपलं गाव वर घातलं तर लोक नावं ठेवतील म्हणून ते शेवटी घातलं. अकरा, इवरदरा. रविराजनं पत्र हातात घेतलं आणि म्हणाला, "काय अक्षर आहे, साहेब." तो लातूरचा. त्याला काय माहीत.

आता कुणी म्हणेल, सातबाऱ्यावर नाव नव्हतं का? होतं की. वरच्या कोपऱ्यात 'हिवरदरा' छापलेलं होतं. पूर्वी त्या दऱ्यात हिवराची काटेरी झाडं होती, त्यावरून. पण सातबारा हातात आला की गावाचं नाव कोण वाचतं? माणूस आपलं नाव बघतो, क्षेत्र बघतो, घडी घालून खिशात ठेवतो. आणि वाचलं असतं तरी डोळ्यांनी हि बघितला असता आणि तोंडानं इ म्हटला असता, जन्मभर म्हटला तसा.

शासन निर्णय निघाला. मंत्रालयातल्या टंकलेखकानं आमदारांचं पत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवलं होतं. दहा गावांना नळ गेले, तळी भरली. पाइपलाइन दोन किलोमीटर खाली शेरेगावला आली आणि थांबली. दादासो साइटवर गेला. इंजिनियर बिचारा नवीन होता, आमदारांपुढं घाबरलेला.

"यादीत अकरावं नाव आमचं हाय," दादासो म्हणाला.

"नाव आहे, साहेब," तो म्हणाला. "गाव नाही."

यापेक्षा स्पष्ट बोलायची त्याची छाती झाली नाही, आणि दादासोनंही नीट विचारलं नाही. त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. राजवर्धनच्या उसाला पाणी कमी पडेल म्हणून कारखान्याच्या लोकांनी वर काहीतरी कळ फिरवली असणार. पाच वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस पहिल्यांदा तापला. त्यानं विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला. तोही स्वतःच्या हातानं लिहून.

दोन हजार एकोणीसचं पावसाळी अधिवेशन. सकाळी बाकावर छापील पुस्तिका आली. त्यात त्याचा प्रश्न होता: इवरदरा हे गाव योजनेत मंजूर असूनही पाण्यापासून वंचित आहे, हे खरे आहे काय, असल्यास विलंबाची कारणे काय आहेत? शेजारच्या रकान्यात उत्तर होतं. हे खरे नाही. इवरदरा या नावाचे महसुली गाव राज्यात अस्तित्वात नाही. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही.

दादासो उठून उभा राहिला. "अध्यक्ष महाराज, माझं गाव हाय ते. मी तितं जन्माला आलोय."

मंत्री हसले नाहीत, चांगला माणूस होता. म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी आपल्या गावाचं नाव एकदा तपासून घ्यावं." हसले ते बाकीचे. दोन्ही बाजूंचे हसले, आणि त्या अधिवेशनात दोन्ही बाजू एकत्र आल्या त्या तेवढ्याच. अधिकाऱ्यांच्या कक्षातून शिपाई एक चिठ्ठी घेऊन आला. तिच्यावर तीनच शब्द होते: महसुली नाव, हिवरदरा.

दादासोनं ती चिठ्ठी किती वेळा वाचली कुणास ठाऊक. सभागृह दुसऱ्या प्रश्नावर गेलं, तिसऱ्यावर गेलं, हा तसाच बसून. कोयनानगरच्या गुरुजींनी पाटीवर ह काढून दाखवला होता, तो आठवत राहिला. ह सोपा नसतो, पोटात वळण घ्यावं लागतं.

दुरुस्ती करायला आमदारकीचे दिवसच उरले नाहीत. अधिवेशन संपलं, आचारसंहिता लागली. राजवर्धन अठ्ठावीसचा झाला होता. रुमाल उचलून कुणीतरी बाजूला ठेवला आणि गाडी पुढं गेली.

गावात तोवर बोलणं सुरू झालं होतं. दादासोनं पुन्हा तिकीट मिळेल म्हणून राजवर्धनशी सौदा केला, गाव यादीतून गाळलं, आणि शेवटी तिकीटही गेलं. बरं झालं, असंही लोक म्हणत होते. दादासोला चोर म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्यानं देवळासमोर सगळ्यांना गोळा केलं आणि खरं ते सांगितलं.

"चूक माजी झाली," तो म्हणाला. "मी इवरदरा लिवलं. इवरदरा लिवायला पायजे हुतं."

दुसऱ्यांदा म्हणताना त्याच्या मनात ह होता. तोंडातून तो आलाच नाही.

जोतिबानं विचारलं, "तू काय लिवलंस?"

"इवरदरा."

"आन लिवायला काय पायजे हुतं?"

दादासोनं श्वास घेतला. "ह. ह लावून. इवरदरा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. जोतिबा हसला नाही. त्याचा आवाज एकदम खाली आला. "दादासो, इकलं आसशील तर इकलं म्हन. मानूस चुकतं. पर आमाला खुळ्यात काढू नगंस, गड्या."

दादासोनं कोळसा घेतला आणि देवळाच्या पायरीवर दोन्ही नावं लिहून दाखवली. तिथं बसलेल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, आणि येत होतं ते म्हणाले, आमदार झालेला मानूस हाय, कायबी लिवंल. गावाच्या भाषेत दोन नावं एकच होती. त्याची चूक त्या भाषेत सांगताच येत नव्हती.

त्या दिवसापासून जोतिबानं त्याला भंडारा लावणं सोडलं. दर रविवारी देवळात ओळीनं सगळ्यांच्या कपाळाला बोटं लागायची. दादासोपाशी आली की ती बोटं वरून निघून जायची, पुढच्या कपाळाकडं. दादासो तरी दर रविवारी जायचा आणि ओळीत बसायचा. त्याची बायको दगडाबाई चिडायची. "आवं, कशाला जाताय आपमान करून घ्यायला?"

"लावंल की कवातरी," तो म्हणायचा.

आमदाराचा शब्द सरकारी कागदावर चुकला तर तो सुधारायला शुद्धिपत्रक काढावं लागतं. एका ओळीचा कागद असतो. अमुक याऐवजी तमुक असे वाचावे. त्या एका ओळीसाठी दादासो सहा वर्षं मंत्रालयात गेला. एसटीत पुढं एक सीट आमदारांसाठी राखीव असते, तिच्यावर तसं रंगवलेलं असतं. माजींनाही प्रवास फुकट. तो त्या सीटवर आपणहून कधी बसला नाही. एकदा कंडक्टरनं ओळखून उठवून पुढं नेलं, तेव्हा त्याला भर गाडीत रडू आलं.

जलसंपदावाले म्हणायचे, महसूलचा अभिप्राय आणा. महसूलवाले म्हणायचे, आमच्याकडं नाव बरोबरच आहे, आम्ही काय दुरुस्त करू? आधी त्याला बघून साहेब खुर्चीतून उठायचे, मग नुसते हसायचे, मग शिपाई सांगायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. इकडं वाडीत शाळा बंद झाली. टँकर दोन दिवसांआड येत होता तो चार दिवसांआड यायला लागला. आमदार फंडातून दादासोनं गावाच्या उंचवट्यावर पाण्याची टाकी बांधली होती, पाणी यायच्या आधीच, हौसेनं. तिच्यात थेंब पडला नाही. तिचा उपयोग एवढाच की तिच्या शिडीवर चढलं की फोनला पुरती रेंज येते.

तो घरी ह म्हणायची सवय करायचा. आरशासमोर उभा राहून ह, हि, हिव. दगडाबाई चुलीपाशी असायची. एकदा तिनं विचारलं, "धाप लागतीया का? दवाखान्यात जाऊया?"

यंदा जत्रेच्या आधी आठ दिवस फोन आला. मंत्रालयात प्रांजल म्हणून एक नवी कक्ष अधिकारी आली होती. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं, त्याला खुर्ची दिली होती. खाली फोन वाजला आणि तुटला, तसा दादासो टाकीची शिडी चढला. वारा सुटलेला. दगडाबाई खाली त्याचा जोडा सांभाळत उभी.

"काका, तुमची नस्ती, म्हणजे फाइल, मीच वर पाठवलीय," प्रांजल म्हणाली. "ती आता सचिवांकडे आहे, माझ्या हातात नाही. पण मसुदा आत्ता मागितलाय. पटकन सांगा, कशाऐवजी काय वाचावं?"

सहा वर्षांची तयारी होती. दादासोनं छाती भरून श्वास घेतला आणि सांगितलं. वाऱ्यात आवाज तुटला. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा, घसा ताणून.

"मिळालं, काका," ती म्हणाली. "काळजी करू नका."

तो उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. दगडाबाईनं जोडा पुढं केला. "त्या पोरीला तेच ते तीनतीनदा का सांगत हुता? भैरी हाय का ती?"

"तुजंच कान गेल्यात," तो म्हणाला, आणि खूप दिवसांनी तिची थट्टा केल्यामुळं तीही हसली.

पाकीट जत्रेदिवशीच आलं. पोस्टमनला ठाऊक होतं आज सगळी कुठं असणार, त्यानं ते देवळापाशीच आणून दिलं. जत्रा म्हणजे तरी काय, दोन ढोल आणि तीसेक म्हातारी माणसं. पाकिटावर सरकारी शिक्का बघून ढोलही थांबले. जोतिबा गाभाऱ्यातून बाहेर आला. सहा वर्षांत तो वाकला होता, डोळ्यात फूल पडलं होतं.

"काय आलंय?" त्यानं विचारलं.

"शुद्धिपत्रक," दगडाबाईनं परस्पर सांगितलं. सहा वर्षांत तिला तो शब्द पाठ झाला होता.

"वाच," जोतिबा म्हणाला.

दादासोनं कागद उलगडला. वर राजमुद्रा. खाली क्रमांक, दिनांक. मग ती ओळ. त्यानं ती मनात वाचली आणि परत वाचली. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मोठ्यानं वाच की," जोतिबा म्हणाला.

"वरील शासन निर्णयातील अनुक्रमांक अकरा येथील," दादासो वाचायला लागला, "'इवरदरा' याऐवजी 'इवरदरा' असे वाचावे."

कागदावर तेच छापलेलं होतं. त्याच्या खाली अजून एक ओळ होती, ती त्यानं मोठ्यानं वाचली नाही. योजनेच्या पाण्याचे वाटप पूर्ण झाले असल्याने यापुढे गावांच्या नावांबाबत कोणताही बदल विचारात घेतला जाणार नाही; प्रस्तुत नस्ती बंद करण्यात येत आहे.

त्याला टाकीवरचा वारा आठवला. दगडाबाईचं बोलणं आठवलं. तेच ते तीनतीनदा. तिचे कान शाबूत होते.

"म्हंजी झालं का न्हाई?" जोतिबानं विचारलं.

"न्हाई, जोतिबा," दादासो म्हणाला. "न्हाई झालं. तेच नाव परत आलंय."

"कंचं?"

"इवरदरा."

"मग?" जोतिबा म्हणाला. "आपलंच नाव हाय की त्ये. दुसऱ्या गावाचं आलंय का?"

"न्हाई. दुसऱ्याचं न्हाई."

"शिक्का हाय?"

"हाय."

"सरकारचा हाय?"

"व्हय."

जोतिबानं हातातली काठी खांबाला टेकवली. "म्हंजी तू न्हाईच इकलं," तो म्हणाला. "मला वाटलं हुतं... सा वर्सं तुला ओळीत बशीवलं रं मी."

"जोतिबा, ऐकून घे. ह—"

"आता काय ऐकायचं. सरकारनं लिवून दिलंय."

त्यानं परातीतला भंडारा मुठीत घेतला. बोटं चाचपडत दादासोच्या कपाळापाशी आली. या वेळी ती वरून गेली नाहीत. भंडारा कपाळाला लागला, भुवयांवर सांडला, चष्म्यावर सांडला, हातातल्या कागदावर सांडला. ढोल पुन्हा वाजायला लागले. दोन-तीन म्हाताऱ्या दगडाबाईला धरून रडत होत्या, आणि टाकी कवा भरायची असं कुणीतरी विचारत होतं.

दादासोनं कागदाची घडी घातली. सहा वर्षं ज्याच्यासाठी ओळीत बसला ते त्याला मिळालं होतं, आणि पाणी आता कधीच येणार नव्हतं. गप्प बसून त्यानं त्यांना फसवलं असतं तर निदान ते ओझं त्याचं एकट्याचं झालं असतं. पण त्यानं सांगितलं होतं. सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात, दोनदा सांगितलं होतं.

घरी जाताना दगडाबाई म्हणाली, "आता परत अर्ज लिवायचा न्हाई न्हवं?"

"न्हाई," तो म्हणाला. "लिवायचं काय ऱ्हायलं न्हाई."

वाटेत बंद शाळेवरून जावं लागतं. पाटीचा रंग उडाला होता, पण नाव अजून वाचता येत होतं. दादासोनं तिकडं बघितलं नाही. पिवळ्या कपाळानं तो दगडाबाईच्या मागं चालत राहिला.